गप्प सायकल

“गाडी दिसली पायजे, पर ऐकू येता कामा नये.”

आबांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. निमगाव केतकीत वरची खोली भाड्यानं मिळेल असं कळलं म्हणून विचारायला गेले होते. अंगणात एक धिप्पाड म्हातारा पालथा पडलेला, आणि एका सायकलच्या नळीला कान लावलेला. मी दोनदा हाक मारली. उत्तर नाही. मनात म्हटलं, माणूस तुसडा दिसतोय. तेवढ्यात त्याला माझ्या चपला दिसल्या. मान वर करून त्यानं हे वाक्य मला ऐकवलं, आणि जणू खोलीचं बोलणं त्यातच झालं अशा थाटात आत ओरडला, “आक्का, किल्ली आण.”

आक्का त्यांची बायको. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं, म्हणून तेही.

मी मूळची कळंबची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारता सांगते, आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. एसटीच्या पासवर बारामतीला शिकले आणि पदार्थविज्ञान शिकवायला इकडच्या ज्युनियर कॉलेजात लागले. तेव्हा मला वाटायचं, जग आता मला समजलं आहे, थोडी उजळणी तेवढी बाकी आहे. आबांच्या घरी राहायला आले आणि उजळणी लांबली.

घर गावाच्या अगदी कडेला. एका बाजूला पानमळे संपायचे आणि दुसऱ्या बाजूला माळ सुरू व्हायचा. मळ्यांची बाजू हिरवी, ओली, पंपांच्या घुरघुरीनं भरलेली. माळाची बाजू पिवळी आणि मोकळी. त्या बाजूच्या खिडकीतून पहाटे बघितलं की गवत आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसल्यासारखी दिसायची. आबा राहायचे घरात, पण त्यांचं तोंड कायम त्या खिडकीकडे.

सायकल त्यांच्या बारामतीच्या पुतण्याची. पुढे दणके गिळणारा शॉक, मागेही शॉक, डोंगरातून उड्या मारत खाली यायची सायकल. पुतण्यानं हौसेनं घेतली, एकदाच उडी मारली आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. मग त्याच्या बायकोनं ती घरात ठेवू दिली नाही. आबांकडे ती नुसती ठेवायला आली होती. तिचं हँडल म्हशीच्या शिंगांएवढं रुंद, चाकं ट्रॅक्टरच्या पोरासारखी. पारावरचे लोक विचारायचे, “आबा, ह्येच्यावरनं ऊस वाहनार का काय?” आबा म्हणायचे, “न्हाय, तुला वाहनार. घाटावर. गप नेईन, कुणाला कळायचं न्हाय.”

गप्प हा त्यांचा आवडता शब्द. त्यांची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या मिलमध्ये गेलेली. ऊस चिरडणारे ते लोखंडी रूळ हंगामभर दिवसरात्र फिरत. तिथं शेजारी उभ्या माणसाला ओरडून सांगितलं तरी ऐकू जात नाही. सगळा कारभार हाताच्या खुणांवर आणि ओठांच्या हालचालींवर. ती सवय घरी आली ती गेलीच नाही. अंगठा वर करून तो ओठांकडे नेला की चहा. दोन बोटं हवेत फिरवली की साखर जास्त. आक्काही खुणेनंच उत्तर द्यायची, आणि तिची एक खूण अशी होती की तिचा अर्थ मी कधी विचारला नाही. भांडणसुद्धा खुणांनी व्हायचं. मी जिन्यात बसून वह्या तपासत बघायची. दोन म्हाताऱ्यांचे चार हात हवेत वेडेवाकडे उडताहेत आणि घरात चिटपाखराचा आवाज नाही.

“मिलमधनं भाईर पडलो त्या दिशी,” आबा सांगायचे, “सरळ माळावर गेलो. उभा राह्यलो. म्हनलं, आता बोल. तवा वरनं चंडोल बोलला. लई बोलला, मॅडम. इवलासा पक्षी, तांबूस, ढेकळागत रंग. पर आभाळात टांगून घेतो सोताला, आन् धरलं की सोडतच न्हाय.”

तेव्हापासून ते रोज माळावर जात. पण त्यांची जुनी लोखंडी सायकल खडखडायची आणि सगळं उडून जायचं. माळावर एक पाणवठा आहे. सकाळी ऊन थोडं तापलं की पखुर्ड्या तिथं उतरतात. मातकट रंगाचे, कबुतराएवढे पक्षी. त्यांतला नर पोट पाण्यात बुडवतो, पिसं भिजवून घेतो, आणि कोसभर उडत जाऊन पिलांना त्या पिसांतलं पाणी पाजतो. आबांना ते बघायचं होतं, आणि त्यांचे पंख ऐकायचे होते. म्हणून ही डोंगरातली सायकल. तिला वेगाशी काही देणंघेणं उरलं नाही. आबांनी तिला माळावरून धुक्यासारखं सरकायला शिकवायचं ठरवलं.

त्यांनी सायकलीची स्वतःची भाषा केली होती. आपण बसल्यावर शॉक जेवढा दबतो तो ‘बसका’. दबून परत वर येतो ती ‘उसळी’. शॉकच्या दांडीवर एक रबरी कडं असतं. ते आधी वर सरकवून ठेवायचं, अलगद सीटवर बसायचं, अलगद उतरायचं. कडं जिथं राहिलं तिथपर्यंत गाडी बसली. दांडीच्या पाव भागापेक्षा थोडं जास्त, हे त्यांचं माप. हवा थोडी जास्त झाली तर छोट्या पंपाचा काटा बघत बघत सोडायची, एक उसासा, परत एक उसासा. “गाडीला कळलं पायजे की आपन बसलोय,” ते म्हणायचे. “न्हायतर ती लाकडावानी ऱ्हाती. आन् लई कळलं तर गाळात म्हस बसल्यागत बसती.”

मी त्यांना डॅम्पिंग समजावून सांगायला गेले. स्प्रिंगला हेलकावे येतात, तेल त्यांची ऊर्जा खातं, हेलकावे मरतात. फळ्यावर काढतात तशी आकृती अंगणातल्या मातीत काढून दाखवली.

“मरतात?” आबा दुखावल्यासारखे म्हणाले. “मारायची न्हाय, मॅडम. निजवायची.” आणि शॉकवरचं लाल बटण एक टिचकी फिरवून, सीट हातानं दाबून सोडली. ती इतकी हळू वर आली की जणू झोपेत कुणी कूस बदलावी.

माझी आकृती बरोबरच होती. पण तेव्हापासून वर्गात तो धडा आला की मी ‘निजतात’ म्हणते. मुलं हसतात, आणि विसरत नाहीत.

गप्प करायचं काम मात्र आक्काच्या जिवावर बेतलं. घंटी पहिल्याच दिवशी गेली. चेन दांडीवर आपटते म्हणून दांडीला जुनी ट्यूब गुंडाळली. नळीच्या पोटातून जाणाऱ्या वायरी आतल्या आत वाजतात म्हणून बैठकीच्या उशीतला स्पंज फोडून तारेनं आत कोंबला. आक्का उशी हातात धरून उभी राहिली. पिशवीसारखी लोंबत होती ती. मग कुणीतरी सांगितलं की चेनला तेलाऐवजी मेण लावलं की धूळ धरत नाही आणि आवाज होत नाही. आबांनी मेणबत्त्या वितळवल्या त्या दुधाच्या पातेल्यात. चेन त्यात शिजत ठेवली आणि आक्का देवळातून परत आली.

“काय शिजतंय?”

आबांनी खूण केली. तिनं झाकण काढलं. पांढऱ्या शांत मेणात चेन वेटोळं घालून बसलेली. आक्कानं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला, आणि तो पानमळ्यापर्यंत गेला.

“एवढं कशाला वरडती?” आबा म्हणाले. “आत्ताच कुठं गाडी गप झालती.”

मागच्या चाकाची टिकटिक उरली होती. पायडल थांबवलं की चाकाच्या आतले दाते टिकटिक करतात, ती. आबांना ती सहन होईना. मी सांगितलं, “आबा, आत बारीक दाते आहेत, त्यांच्यामागे केसासारख्या स्प्रिंगा. घट्ट ग्रीस भरलंत तर दाते चिकटून बसतील, गाडी पुढे जाणारच नाही.” त्यांनी ट्रॅक्टरचं ग्रीस गच्च भरलं. माळाच्या मधोमध पायडल पुढेही फिरू लागलं आणि मागेही, गाडी जागच्या जागी. आम्ही ती ढकलत परत आलो. वाटेत मी “सांगितलं होतं” हे इतक्या वेळा म्हटलं की शेवटी मलाच कंटाळा आला.

“पर आवाज आला का?” आबांनी विचारलं.

“चालेल तेव्हा येईल ना!”

“आला का, न्हाय?”

“न्हाय.”

“मग झालं तर.” पुढे त्यांनी पातळ ग्रीस भरलं आणि टिकटिक भिंतीपलीकडच्या घड्याळाएवढी राहिली.

रविवारी मी त्यांच्याबरोबर जायची. माझी लेडीज सायकल कानठळ्या बसवते म्हणून ती माळाच्या तोंडाशी असलेल्या बाभळीखाली सोडायची, हा करार. तिथून ते सायकलवर, मी पायी. चालण्याच्या वेगानं ते पुढे जायचे. खाली मुरूम, दगड, जनावरांच्या खुरांनी वाळून टणक झालेले खड्डे. पण वरचा माणूस हलायचा नाही. चाकं खालीवर होत आणि आबांची टोपी सरळ रेषेत पुढे जात राही. पिवळ्या गवतात ती टोपी तेवढी दिसायची, पाण्यावर सोडलेल्या दिव्यासारखी. कधी चिंकारे मान वर करून बघत आणि पुन्हा चरायला लागत. मला अनेकदा वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत, आणि हा माणूस आपल्याला ज्या स्वप्नात घेऊन आलाय तिथं जमिनीला वजनच नाही.

एकदा हट्टानं मी सायकल मागितली. त्यांनी दिली. पण मला ती दगडादगडाला फेकून द्यायला बघत होती. आबा धिप्पाड, मी काडी. मी उतरल्यावर त्यांनी वाकून ते रबरी कडं बघितलं. ते जेमतेम हललं होतं.

“गाडीला तुमी बसल्याचं कळलंच न्हाय, मॅडम.”

मला राग आला. वजन कमी असणं हा काही गुन्हा नव्हे.

त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. गावच्या बाजारात मी भाजी घेत होते. आबा कुठूनसे आले आणि मला डाळिंबाच्या आडत्याच्या काट्याकडे घेऊन गेले. “चढा,” म्हणाले. “पिशवी, बूट, पान्याची बाटली, समद्यासकट.”

“कशाला?”

“मानसाला सोताचं वजन ठाऊक पायजे.”

आडत्यानं विचारलं, “आबा, ह्यो कुठला माल म्हनायचा?”

“एक्स्पोर्टचा. हात लावू नको.”

चार बायका तोंडाला पदर लावून हसल्या. समोर माझ्या वर्गातली दोन पोरं उभी होती. मी आबांवर चांगली आठवडाभर रुसले. पण चढले होते खरी. त्यांना नाही म्हणणं अवघड जायचं सगळ्यांनाच.

आणि गोम नेमकी तिथंच होती. त्या वर्षी ते जो भेटेल त्याला एक गोष्ट सांगायला लागले होते. पारावर, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या मांडवात. “चंडोल संपले बगा माळावरचे. गातच न्हाईत.” आणि माणसं मान डोलावायची. “व्हय आबा, औषधं मारून मारून संपलं समदं.” “व्हय, पूर्वीवानी कुठं राह्यलंय काय.” म्हाताऱ्या माणसाचं बोलणं खोडायचं नसतं. आमच्याकडे तो मान आहे. आक्कासुद्धा व्हय म्हणायची.

उन्हाळा नुकता लागला होता. रविवारी आम्ही बाभळीपासून पुढे निघालो. आबा सायकलवर पुढे, मी मागे. आणि सायकल वाजत होती. मागचा शॉक जिथं जोडलाय तिथून, प्रत्येक दगडाला, चुईं, चुईं, चुईं. बारीक, टोकदार. मी मागून हाक मारली. आबांनी वळून बघितलं नाही. मोठ्यानं मारली. नाही. ते आपले सरळ चाललेले. मग त्यांनी गाडी थांबवली, एक पाय टेकला, आणि माझ्याकडे वळून इतकं प्रसन्न हसले की मला पुढचं बोलवेना.

“बगा,” ते म्हणाले. “कशी गप झाली. आज पयल्यांदा. कायबी ऐकू येत न्हाय.”

वर आभाळात चंडोल गात होता. एक नव्हे, दोन. एक आमच्या अगदी डोक्यावर.

“आता एवढी गप गाडी केली,” आबा म्हणाले, “आन् ऐकायला चंडोल न्हाय. संपले.”

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. मोठ्या आवाजात आयुष्य काढलेल्या कानातून आधी बारीक, टोकदार स्वर जातात, जाड स्वर मागे राहतात, हे मला ठाऊक होतं. ओठांवरून बोलणं ओळखणाऱ्याचा बहिरेपणा समोर उभं राहून कुणाला दिसत नाही, हे तिथं उभ्या उभ्या कळलं. पहिल्या दिवशी अंगणात मी मारलेल्या दोन हाका आठवल्या. व्हय म्हणून टाकणं सोपं होतं. पण मला ते जमत नाही. आमच्या घरात पहिली पदवी उगाच नाही आली.

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. “आबा, चंडोल गातोय. आत्ता. डोक्यावर.”

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मग वर. तो ठिपका त्यांना दिसला असणार, नजर चांगली होती त्यांची. बराच वेळ ते वर बघत राहिले. ठिपका थरथरत होता, गळा फुगवत होता, आणि आबांच्या लेखी तो नुसता थरथरणारा ठिपका होता.

“आन् गाडी?” त्यांनी विचारलं.

“वाजतेय.”

ते सायकलवरून उतरले आणि ती हातात धरून घरापर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल उघडली. शॉक एकीकडे, चाकं एकीकडे, चेन गोठ्याच्या खुंटीला. माळाकडची खिडकी लावून घेतली. आपण उगाच बोललो असं मला वाटलं नाही, पण जिना उतरताना त्या बंद खिडकीकडे बघवत नव्हतं. मी आक्काला विचारलं, “परत जातील का हो ते माळावर?”

तिनं खूण केली. ही मला कळली. कुणास ठाऊक.

“डाक्तरकडं नेलंतं बारामतीला,” मग ती हळूच म्हणाली. “कानात घालायचं मशीन दिलंय. ते घातलं की म्हनत्यात, मिल चालू झाली. काढून फळीवर ठिवलंय.”

असे बरेच रविवार गेले. मी माळावर गेले नाही. एकटीनं जाऊन काय करायचं, तेच कळेना.

मग एका रविवारी पहाटे खालून हाक आली. “मॅडम, बूट घाला. बाटली घ्या.”

अंगणात सायकल उभी होती, जोडलेली, पुसलेली. शेजारी आबांची जुनी लोखंडी. ते लोखंडीवर बसले आणि निघाले. मी दुसरी घेतली. सीट खाली केलेली होती. रस्त्यानं त्यांची सायकल बैलगाडीसारखी वाजत होती आणि त्यांना तिची पर्वा नव्हती.

बाभळीखाली ते थांबले. “बसा नीट. दोनी पाय वर.” त्यांनी हँडल धरलं. मी बसले. “आता उतरा. सावकाश.” मी उतरले. आम्ही दोघं वाकलो. रबरी कडं पाव भागाच्या थोडं पुढे थांबलं होतं. नेमकं.

“आज कळलं गाडीला,” आबा म्हणाले.

डाळिंबाचा काटा तेव्हा माझ्या डोक्यात उतरला. शॉकमधली हवा माझ्या वजनाची होती. तो बाजार तर थंडीतला. त्या चुईं चुईंच्या कितीतरी आधीचा.

“आबा, कानांचं तुम्हाला आधीच ठाऊक होतं?”

“शंका व्हती,” ते म्हणाले. “म्हनून समद्यास्नी सांगत फिरलो, चंडोल संपले म्हनून. वाटलं, कुनीतरी म्हनंल, आबा, येडा झाला काय, गातोय की. समदी व्हय म्हनली. मग म्या बी म्हनलं, असतील संपले.” त्यांनी बाभळीचा एक काटा मोडला. “तुमीच काय ते खरं बोलला. जावा आता. म्या हितंच हाय. आल्यावर सांगा.”

मी निघाले. काय सांगू! दगड होते तिथंच होते, पण ते माझ्यापर्यंत येताना वाटेत निजत होते. सायकल माझ्याखाली श्वास घेत होती. गवत दोन्ही बाजूंनी मागे सरकत होतं, आणि इतकी शांतता होती की मला माझ्या बाटलीतलं पाणी ऐकू येत होतं. पाणवठ्यावर पखुर्ड्या उतरल्या, आणि उठल्या तेव्हा त्यांच्या पंखांचा आवाज माझ्या गालाला लागला. त्यांतला एक नर जड होऊन उडाला. वर चंडोल होता. मी मान वर करून त्याला पाठ केलं, परीक्षेला करतात तसं.

परत आले तर आबा बाभळीला टेकून बसलेले. मी सांगायला लागले, “आबा, आधी एक बारीक शीळ, मग...”

“तसं न्हाय,” ते म्हणाले. “त्याच्यावानी.”

“मी?”

“मग काय, आक्का करंल?”

मी कॉलेजात शिकवते. रस्त्यानं जाताना मुलं उठून उभी राहतात. पण माळावर कुणी नव्हतं. मी शीळ घातली. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. अर्थात, तो स्वर त्यांच्या कानांच्या पलीकडचा होता. मग मी विचार केला, आणि तेच गाणं खाली उतरवलं. जाड केलं, सावकाश केलं, पोटातून काढलं. जात्यावर बसलेल्या बाईच्या घोगऱ्या आवाजात चंडोल. घुर्र, घुरूघुरू, घूं.

“थांबा,” आबा म्हणाले. ते उठले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. “तोंड दिसलं की कळतं. तसं नगं. आता.”

मी त्यांच्या पाठीशी पुन्हा केलं, पहिल्यापासून. त्यांची मान किंचित तिरकी झाली. खांदे खाली आले, हवा सोडल्यावर शॉक बसतो तसे, सावकाश, जिथं बसायचं तिथंच थांबत.

“एवढा जाडा न्हाय त्यो,” ते म्हणाले.

“तुमच्यासाठी केलाय,” मी त्याच जाड आवाजात म्हटलं.

“व्हय. पर शेवटाला, खाली यायच्या आधी, एक गिरकी घेतो. ती राह्यली.”

मी वर बघितलं. चंडोल अजून तिथंच टांगलेला होता. मी नीट ऐकलं. गिरकी होती.

“परत,” आबा म्हणाले.

मी परत सुरू केलं.